निवडचाचण्या आणि कार्यनिष्पादनाचे भाकीत : एका आकड्याची चिकित्सा

औद्योगिक मानसशास्त्र किंवा मनुष्यबळ व्यवस्थापन हा विषय पदव्युत्तर वर्गांना शिकविणाऱ्या बहुतेक अध्यापकांच्या टिपणवहीत एक कोष्टक असते. त्यात एका बाजूला कर्मचारी निवडीच्या पद्धती व दुसऱ्या बाजूला त्यांचे यथार्थता गुणक मांडलेले असतात. सामान्य बौद्धिक क्षमतेच्या चाचणीसमोर ०.५१ हा आकडा असतो. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या लेखातून तो आलेला आहे. प्रस्तुत लेखकाने हे कोष्टक अनेक वर्षे फळ्यावर लिहिले, त्यावर परीक्षेत प्रश्न काढले, आणि हा आकडा आला कोठून असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘८५ वर्षांच्या संशोधनातून’ असे उत्तर दिले. ते उत्तर खोटे नव्हते. मात्र अपुरे होते.

या आकड्याची घडण कशी झाली, गेल्या काही वर्षांत त्याचे काय झाले आणि त्यावर विसंबून चाललेल्या निवडप्रक्रियेविषयी आपण काय म्हणू शकतो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. चाचण्यांवर आक्षेप घेणारे लेखन विपुल आहे. त्यातील बहुतेक आक्षेप चाचणीच्या प्रश्नांवर असतात. प्रस्तुत लेखकाच्या मते खरी दुर्बलता दुसऱ्या बाजूस आहे. चाचणी ज्या गोष्टीचे भाकीत करते असे सांगितले जाते, ती ‘कार्यनिष्पादन’ नावाची गोष्ट मोजली कशी जाते, याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही.

आकड्याची घडण

श्मिट व हंटर यांच्या कार्याचे महत्त्व प्रथम मान्य केले पाहिजे. त्यांच्यापूर्वी, म्हणजे १९७० च्या दशकापर्यंत, अशी समजूत होती की एका कारखान्यात उपयोगी ठरलेली चाचणी दुसऱ्या कारखान्यात उपयोगी ठरेलच असे नाही. प्रत्येक ठिकाणी नव्याने पडताळणी केली पाहिजे. या दोघांनी १९७७ पासून दाखवून दिले की निरनिराळ्या ठिकाणच्या निष्कर्षांतील फरकाचा मोठा भाग लहान नमुन्यांमुळे निर्माण होणारा योगायोगाचा फरक असतो. साठसत्तर कामगारांवर केलेल्या अभ्यासातून स्थिर निष्कर्ष मिळणे शक्यच नसते. असे अनेक अभ्यास एकत्र करून त्यांचे महाविश्लेषण करण्याची जी रीत त्यांनी रूढ केली, तिने या विद्याशाखेला शिस्त आणली, यात शंका नाही. १९९८ च्या लेखात १९ निवडपद्धतींची तुलना होती. संरचित मुलाखतीला ०.५१, असंरचित मुलाखतीला ०.३८, कर्तव्यदक्षतेच्या चाचणीला ०.३१, शिक्षणाच्या वर्षांना ०.१०, आणि हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखण्याच्या विद्येला ०.०२. या शेवटच्या आकड्यावर वर्गात हमखास हशा होतो.

बौद्धिक क्षमतेचा ०.५१ हा आकडा मुख्यत्वे अमेरिकेच्या रोजगार सेवेने दीर्घकाळ जमविलेल्या सामग्रीवर उभा आहे. सर्वसाधारण अभियोग्यता चाचणीमालेच्या ५०० हून अधिक अभ्यासांचे हंटर यांनी विश्लेषण केले होते आणि त्यातील मध्यम गुंतागुंतीच्या व्यवसायांसाठीचा हा आकडा होता. परंतु त्या अभ्यासांमध्ये चाचणीचे गुण आणि कामाचे मूल्यांकन यांत प्रत्यक्ष आढळलेला सरासरी सहसंबंध ०.२५ च्या आसपास होता. म्हणजे कोष्टकातील आकड्याचा जवळपास अर्धा भाग निरीक्षणातून आला आणि उरलेला अर्धा दुरुस्तीच्या गणितातून.

या दुरुस्त्या दोन आहेत. दोन्हींमागील तर्क रास्त आहे, म्हणूनच त्या समजून घेणे अगत्याचे आहे. पहिली दुरुस्ती मूल्यांकनातील अविश्वसनीयतेसाठी असते. तिचा विचार पुढे केला आहे. दुसरी गुणविस्ताराच्या संकोचासाठी असते. आपल्या परिचयाचे उदाहरण घ्यावयाचे तर, प्रवेश परीक्षेच्या गुणांवर एखाद्या अभ्यासक्रमात केवळ वरच्या पाच टक्के विद्यार्थ्यांना घेतले, तर त्या वर्गात प्रवेश परीक्षेचे गुण आणि पुढील निकाल यांतील सहसंबंध क्षीण दिसतो. सर्वांचेच गुण जवळजवळ असल्यामुळे तसे होते. परीक्षा निरुपयोगी असते म्हणून नव्हे. सर्व अर्जदारांना प्रवेश दिला असता तर सहसंबंध किती दिसला असता, याचा अंदाज सूत्राने बांधता येतो.

अडचण अशी की रोजगार सेवेच्या अभ्यासांपैकी बहुतेकांत नोकरीवर आधीच असलेल्या कामगारांना चाचणी दिली गेली होती. ते कामगार त्या चाचणीच्या आधारे निवडलेलेच नव्हते. त्यांच्या गुणांचा विस्तार निवडीमुळे फारसा आकुंचित होण्याचे कारण नव्हते. तरीही मोठ्या संकोचासाठीची दुरुस्ती त्यांना सरसकट लावण्यात आली. पॉल सॅकेट, चार्लीन झांग, क्रिस्टोफर बेरी आणि फिलिप लिव्हेन्स यांनी २०२२ मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी’मध्ये हा दोष सविस्तर मांडला. त्यांच्या फेरमांडणीत बौद्धिक क्षमता चाचणीचा गुणक ०.३१ वर आला. संरचित मुलाखत ०.४२ घेऊन पहिल्या स्थानी गेली, कामाच्या ज्ञानाची चाचणी ०.४० वर राहिली, आणि कर्तव्यदक्षता व असंरचित मुलाखत दोन्ही ०.१९ वर घसरल्या.

हा शोध अगदी नवा होता असे मात्र नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने नेमलेल्या समितीने १९८९ च्या अहवालात याच सामग्रीची तपासणी करून संकोचाची ही दुरुस्ती स्वीकारण्यास नकार दिला होता, आणि आपला अंदाज ०.२२ इतका माफक ठेवला होता. तो अहवाल ग्रंथालयांत राहिला आणि ०.५१ पाठ्यपुस्तकांत गेला. इतकेच नव्हे, तर श्मिट यांनी सहकाऱ्यांसह २०१६ मध्ये तयार केलेल्या एका अप्रकाशित टिपणात तोच आकडा ०.६५ पर्यंत चढला. कामगार तेच आणि चाचण्याही त्याच. बदलले ते दुरुस्तीचे सूत्र. २०२४ मध्ये सॅकेट व सहकाऱ्यांनी जुनी सामग्री बाजूला ठेवून केवळ चालू शतकातील ११३ अभ्यास घेतले. त्यांतील सुमारे ४० हजार कर्मचाऱ्यांच्या बाबतीत प्रत्यक्ष सहसंबंध ०.१६ आणि दुरुस्तीनंतरचा ०.२२ आढळला. अकादमीच्या समितीने ३५ वर्षांपूर्वी दिलेल्या आकड्याशी हा शेवटचा आकडा जुळावा, हा योगायोग असेल. परंतु तो बोलका आहे.

हंटर २००२ मध्ये आणि श्मिट २०२१ मध्ये निवर्तले. त्यांच्या बाजूने २०२३ मध्ये प्रत्युत्तरे आली आणि दुरुस्ती मुळीच न करणे हीही चूकच ठरते असे त्यांत म्हटले गेले. हा वाद संपलेला नाही. तथापि, ज्या आकड्याविषयी तज्ज्ञांतच ०.२२ ते ०.६५ इतके अंतर आहे, तो विद्यार्थ्यांना ‘सिद्ध’ म्हणून सांगता येणार नाही, एवढे तरी निश्चित.

सहसंबंध गुणकाचा व्यवहारातील अर्थ पुष्कळदा निसटतो, म्हणून एक साधा हिशेब मांडतो. समजा, चाचणीत वरचा अर्धा भाग मिळविणाऱ्यांना नोकरी दिली आणि कामात वरच्या अर्ध्या भागात असणे म्हणजे यश मानले. चाचणी ऐवजी नाणेफेक केली तर निवडलेल्या १०० जणांत ५० यशस्वी निघतील. दोन्ही मापांचे वितरण सामान्य मानले तर गुणक ०.५१ असताना ते ६७ होतात, ०.३१ असताना ६०, आणि ०.२२ असताना ५७. हजारो माणसे घेणाऱ्या कंपनीला शंभरामागे सात किंवा दहा जणांचा हा लाभ खचितच मोलाचा आहे. पण हाच हिशेब नाकारलेल्यांच्या बाजूने वाचावा. ०.३१ या गुणकास नाकारलेल्या १०० पैकी ४० जण कामात वरच्या अर्ध्या भागात बसले असते. कंपनीच्या दृष्टीने ते सांख्यिकीतील अटळ नुकसान असते. महाविद्यालयाच्या दृष्टीने ते आपले विद्यार्थी असतात.

निकषाचा प्रश्न

आता पहिल्या दुरुस्तीकडे वळू. वर वारंवार ‘कामाचे मूल्यांकन’ असा शब्दप्रयोग केला आहे. बहुसंख्य अभ्यासांत हे मूल्यांकन म्हणजे वरिष्ठाने हाताखालच्या माणसाला दिलेले गुण असतात. गोपनीय अहवालाची परंपरा ठाऊक असलेल्या प्राध्यापकवर्गाला याविषयी फार सांगावे लागू नये. कोणता विभागप्रमुख कोणाला ‘अत्युत्कृष्ट’ लिहितो आणि ‘चांगला’ हा शेरा केव्हा शिक्षेसारखा वापरला जातो, हे आपण सर्वच जाणतो.

एकाच कर्मचाऱ्याला दोन वरिष्ठांनी दिलेले गुण एकमेकांशी किती जुळतात, याचे महाविश्लेषण विश्वेश्वरन, वन्स व श्मिट यांनी १९९६ मध्ये केले. उत्तर आले ०.५२. मानसशास्त्रातील एखाद्या चाचणीची विश्वसनीयता इतकी कमी निघाली तर ती वापरण्यास आपण संशोधक विद्यार्थ्याला परवानगी देणार नाही. येथे मात्र या आकड्याचा उपयोग उलट दिशेने झाला. मूल्यांकन अविश्वसनीय आहे, तेव्हा खरे कार्यनिष्पादन मोजता आले असते तर सहसंबंध अधिक दिसला असता, असे म्हणून आढळलेला गुणक ०.५२ च्या वर्गमुळाने भागला जातो. परिणामी तो सुमारे १.३९ पटींनी वाढतो. निकष जितका सदोष, तितकी चाचणीची यथार्थता फुगत जाते.

या गणितामागील गृहीतक तपासण्यासारखे आहे. दोन वरिष्ठांच्या गुणांतील तफावत म्हणजे निव्वळ यादृच्छिक चूक, आणि त्यांच्यात जे जुळते ते म्हणजे सत्य, असे ते गृहीतक आहे. परंतु दोन वरिष्ठ एकाच पूर्वग्रहामुळेही एकमेकांशी सहमत होऊ शकतात. सफाईदार इंग्रजी बोलणारा, बैठकीत पहिल्यांदा हात वर करणारा, आपल्याच वर्गातील वाटणारा तरुण दोघांनाही हुशार वाटला, तर ती सहमती सूत्राच्या दृष्टीने ‘सत्य’ ठरते. सूत्र यादृच्छिक चूक वगळते. सामाईक चूक त्याला दिसत नाही. आणि चाचणीही त्याच सफाईला गुण देत असेल, तर चाचणी व मूल्यांकन यांतील सहसंबंध वाढेल, पण तो कामाचा सहसंबंध असेलच असे नाही.

ही केवळ तार्किक शंका नाही. विक्री हा असा व्यवसाय आहे की तेथे वरिष्ठाचे मतही मिळते आणि विक्रीचा प्रत्यक्ष आकडाही मिळतो. विंचर व सहकाऱ्यांनी विक्रेत्यांवरील अभ्यासांचे महाविश्लेषण केले. सामान्य बौद्धिक क्षमतेने वरिष्ठांच्या मूल्यांकनाचे भाकीत बऱ्यापैकी केले. प्रत्यक्ष विक्रीचे मात्र जवळजवळ केले नाही. व्यक्तिमत्त्वातील जिद्दीसारख्या घटकांचा दोन्ही निकषांशी संबंध आढळला. हा लेख १९९८ चाच आहे. त्याच वर्षीच्या श्मिट-हंटर यांच्या लेखाइतका तो आपल्या अभ्यासक्रमात कधी का आला नाही, याचे उत्तर बहुधा एवढेच की त्यात फळ्यावर लिहिण्याजोगा एकच ठसठशीत आकडा नव्हता.

व्यक्तिमत्त्वाची प्रश्नावली

व्यक्तिमत्त्व चाचण्यांची कथा निराळी आहे, पण फार निराळी नाही. गिऑन व गॉटियर यांनी १९६५ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन, निवडीसाठी या चाचण्या वापरण्यास सर्वसाधारण आधार सापडत नाही असे म्हटले. जवळजवळ २५ वर्षे हा निर्णय मानला गेला. पुढे पंचघटक सिद्धांताच्या चौकटीत बॅरिक व माउंट यांनी १९९१ मध्ये सामग्रीची नवी मांडणी केली आणि कर्तव्यदक्षता हा घटक सर्व व्यवसायगटांत कामाशी संबंधित असल्याचे दाखविले. दुरुस्तीनंतरचा गुणक ०.२२ होता, पण त्याचे स्वागत असे झाले की जणू बंद दार उघडले. २००७ मध्ये या क्षेत्रातील दोन प्रमुख नियतकालिकांच्या पाच माजी संपादकांनी, ज्यांच्या हाताखालून एकूण ७ हजारांहून अधिक लेख गेले होते, पुन्हा सावध करणारा सूर लावला. उमेदवार अपेक्षित उत्तरे देतात, ही अडचण ते अटळ मानतात. आणि मुळात यथार्थताच अल्प आहे, हे त्यांचे मुख्य म्हणणे होते.

येथे भाषांतराचा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे. ‘समारंभात अनोळखी लोकांशी मी सहज बोलतो’ अशा धर्तीचे विधान घेऊ. मूळ भाषेत त्यामागे कार्यालयातील मेजवानी किंवा मित्रमंडळींची संध्याकाळ उभी असते. आपल्याकडील ग्रामीण विद्यार्थिनीसमोर समारंभ म्हणजे लग्न किंवा बारसे उभे राहते, आणि तेथे अनोळखी लोकांशी सहज बोलणे हे तिच्या बहिर्मुखतेपेक्षा घरच्या रीतीवर अवलंबून असते. ती ‘असहमत’ या पर्यायावर खूण करते आणि अंतर्मुख ठरते. प्रश्नावलीतील विधानांना ‘कामाच्या ठिकाणी’ एवढी जोड दिली तरी त्यांची यथार्थता वाढते, असे संशोधनात आढळले आहे. संदर्भ नसलेला स्वभाव मोजणे किती निष्फळ असते, याचाच हा पुरावा होय. मायर्स-ब्रिग्ज प्रकारदर्शकाविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. तो निवडीसाठी वापरू नये असे त्याचे प्रकाशकच सांगतात. तरीही कार्यशाळांतून आपल्या विद्यार्थ्यांवर चार अक्षरांचे शिक्के मारले जातात.

चाचणीच्या जागी काय?

अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयात गेला. उत्तर कॅरोलायनातील ड्यूक पॉवर कंपनीने १९६५ मध्ये, नागरी हक्क कायद्यातील नोकरीविषयक तरतूद लागू झाली त्याच दिवशी, चांगल्या विभागांतील कामासाठी वंडरलिक व बेनेट या दोन चाचण्यांची अट घातली. ग्रिग्ज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये एकमताने निर्णय दिला की कृष्णवर्णीयांना मोठ्या प्रमाणावर वगळणारी चाचणी वापरावयाची असेल, तर तिचा त्या कामाशी संबंध आहे हे मालकाने दाखविले पाहिजे. हेतू चांगला असणे पुरेसे नाही. २०२५ मध्ये तेथील अध्यक्षांच्या आदेशाने या तत्त्वाची शासकीय अंमलबजावणी मागे सारण्यात आली, हा भाग वेगळा. मात्र त्या निर्णयामुळे अर्धशतकभर कंपन्यांना पडताळणीचे अभ्यास करावे लागले आणि आज आपण ज्या सामग्रीवर चर्चा करीत आहोत तिचा काही भाग त्यातूनच निर्माण झाला.

आपल्याकडेही पडताळणीची शिस्त मुळीच नाही असे नव्हे. रेल्वेच्या सहायक लोको पायलटसाठी जी संगणकाधारित अभियोग्यता चाचणी घेतली जाते, तिच्या प्रत्येक भागात किमान ४२ टी-गुणांक आवश्यक असतो. स्मरण, एकाग्रता, अंतराचे आकलन अशा ज्या क्षमता त्यात तपासल्या जातात, त्यांचा गाडी चालविण्याशी काय संबंध आहे हे कोणालाही विचारता येते आणि सांगताही येते. महाविद्यालयांत येणाऱ्या खाजगी चाचण्यांच्या बाबतीत हे होत नाही. मानके कोणत्या समूहावर तयार केली, मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी ती वेगळी तपासली का, निकष कोणता होता, या प्रश्नांची उत्तरे ‘कंपनीचे धोरण’ या दोन शब्दांत मिळतात. प्लेसमेंट कक्षाचे काम पाहताना मला एक विद्यार्थी आठवतो. पदवीची तिन्ही वर्षे तो बाजार समितीतील एका अडतीच्या दुकानात जमाखर्च लिहीत असे. लेखा सहायकाच्या पदासाठी आलेल्या एका कंपनीच्या चाचणीत तो इंग्रजी उताऱ्यांच्या विभागात, एका प्रश्नाला एक मिनिट या वेगात, बाद झाला. जमाखर्चावर त्याला कोणी एकही प्रश्न विचारला नाही. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, हे वर्गात शिकविणाऱ्याने विसरू नये. परंतु २०२२ च्या फेरमांडणीत कामाच्या ज्ञानाची चाचणी बौद्धिक चाचणीच्या वर गेली आहे, हेही येथे नोंदविले पाहिजे.

चाचणीच्या टीकाकाराला एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. चाचणी काढून टाकली तर तिच्या जागी काय येईल? आपल्या समाजात बहुधा वशिला येईल. चाचणीला निदान आडनाव दिसत नाही, गाव कळत नाही, आणि उमेदवाराचा मामा कोण हे ठाऊक नसते. ज्यांच्या पाठीशी कोणी नाही अशा अनेकांना चाचणीनेच दार उघडून दिले आहे. म्हणून चाचण्या मोडीत काढाव्यात असे प्रस्तुत लेखक म्हणत नाही. नव्या आकड्यांचा रोख चाचणीपेक्षाही असंरचित मुलाखतीवर अधिक आहे, आणि येथे आपण स्वतः अडचणीत येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत सहायक प्राध्यापक पदासाठी शैक्षणिक गुणांकन केवळ छाननीपुरते ठेवून अंतिम निवड मुलाखतीतील कामगिरीवर करावी, असे ठरविण्यात आले. त्या मुलाखतींत सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, ठरलेल्या उत्तरपट्टीनुसार, स्वतंत्रपणे गुण देऊन विचारले जातात काय? ज्यांनी निवड समितीच्या टेबलाच्या कोणत्याही बाजूस बसून पाहिले आहे, त्यांना उत्तर ठाऊक आहे. मुलाखतीला संरचना देण्यास खर्च जवळजवळ लागत नाही. समिती सदस्यांचे स्वातंत्र्य मात्र कमी होते, आणि विरोध तेथूनच येतो.

महाविद्यालयाला करता येण्याजोगे एक काम मात्र आहे, आणि ते कंपनीला करता येत नाही. कंपनीला फक्त निवडलेल्यांचे कार्यनिष्पादन दिसते. नाकारलेल्यांचे पुढे काय झाले हे तिच्या सामग्रीत कधीच येत नाही. गुणविस्ताराच्या संकोचाची सारी समस्या यातूनच उद्भवते आणि सूत्राने ती भरून काढावी लागते. नाकारलेले विद्यार्थी आपल्याकडे मात्र परत येतात, कधी गुणपत्रकाच्या प्रतीसाठी, कधी माजी विद्यार्थी मेळाव्याला. चाचणीतील गुण, पुढे मिळालेले काम आणि त्यातील वाटचाल यांची दहा वर्षांची नोंद चारपाच महाविद्यालयांनी मिळून ठेवली, तर मराठी भाषक पदवीधरांविषयी अमेरिकी कोष्टकाची गरज न लागणारी सामग्री हाती येईल. त्यासाठी चाचणीचे गुण कंपन्यांकडून मागून घ्यावे लागतील. आजमितीस आमच्या कक्षाकडे येते ती निवड झालेल्यांची यादी. मूल्यांकनाच्या वेळी सादर करावयाच्या तक्त्यातही ‘निवड झालेले विद्यार्थी’ असा रकाना आहे. दुसरा रकाना त्यात नाही.